पदवी की सर्टिफिकेट?

बारावीचा निकाल लागला की पुढचे तीन-चार रविवार मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एकच विषय असतो. कुणाला किती टक्के मिळाले, कुणाचा नंबर कुठे लागला, कोणाच्या मुलीने काय घेतले. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. कॉम्प्युटरच्या क्षेत्रात जायचे तर कॉलेजात तीन-चार वर्षे घालवावीत, की सहा महिन्यांचा कोर्स करून एखादे सर्टिफिकेट मिळवावे आणि सरळ नोकरीला लागावे? घरोघरी यावरून दोन तट पडतात. आईवडिलांना पदवी हवी असते. मुलगा म्हणतो, 'कॉलेजात शिकवतात ते जुने झाले, आता क्लाउड शिकायला हवे.' दोघेही प्रामाणिक असतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. म्हणूनच हा वाद लवकर मिटत नाही.

आपल्या वसईच्या पट्ट्यात पूर्वी असा प्रश्न पडत नसे. शिक्षक व्हायचे तर डी.एड., नर्स व्हायचे तर नर्सिंगचा कोर्स, फिटर किंवा वायरमन व्हायचे तर आय.टी.आय. आखातात जाणाऱ्यांनाही कोणता कागद लागतो हे ठाऊक असे. कागद आणि काम यांची जोडी ठरलेली होती. कॉम्प्युटरच्या क्षेत्राने ती मोडली. इथे इंजिनिअर, बी.एस्सी. आयटी झालेला, कॉमर्सचा पदवीधर आणि क्वचित बारावी झालेला असे चौघे एकाच कार्यालयात शेजारी शेजारी बसून काम करताना दिसतात. मग कुणाचा रस्ता बरोबर? आमच्या मते हा प्रश्न वाटतो तितका केवळ पगाराचा नाही. त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि त्याकडे आपण सहसा पाहत नाही.

आधी हे दोन कागद म्हणजे नेमके काय ते पाहू.

पदवी सांगते, की या मुलाने किंवा मुलीने तीन किंवा चार वर्षे अमुक विषयांचा अभ्यास केला आणि विद्यापीठाच्या परीक्षा पार केल्या. त्यात गणित आले, डेटा स्ट्रक्चर आले, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस आले. यांतले कितीतरी विषय पहिल्या नोकरीत कामाला येत नाहीत. पदवीला मुदत नसते, ती जन्मभर टिकते.

सर्टिफिकेटचे तसे नाही. ते बहुधा एखाद्या कंपनीचे असते. सिस्कोचे सीसीएनए हे नेटवर्कचे, ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसचे ते क्लाउडचे, रेड हॅटचे ते लिनक्सचे. एका विशिष्ट दिवशी या माणसाला या विषयातले इतके येत होते, एवढेच ते सांगते. ही तिन्ही सर्टिफिकेटे तीन वर्षांनी मुदतबाह्य होतात आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते किंवा ठरलेल्या अन्य मार्गाने नूतनीकरण करावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या बऱ्याच सर्टिफिकेटांची मुदत तर एकच वर्षाची आहे. त्यांचे नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट होते, पण ते आठवणीने करावे लागते. सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलरची, एडब्ल्यूएसच्या असोसिएट पातळीची १५० डॉलरची. ही नुसती परीक्षेची फी झाली. क्लासची फी वेगळी, आणि नापास झाल्यास पुन्हा भरायची तीही वेगळी. जाहिरातीत हा हिशेब सांगत नाहीत.

परीक्षांचे प्रकारही सारखे नसतात. काहींमध्ये चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. रेड हॅटच्या परीक्षेत मात्र समोर चालू यंत्रणा दिली जाते, कामे नेमून दिली जातात आणि ती वेळेत करून दाखवावी लागतात. सुताराला लाकूड आणि रंधा हातात देऊन 'चौकट करून दाखव' म्हणावे तसे. अशा परीक्षेत घोकंपट्टी फारशी चालत नाही, आणि म्हणूनच त्या सर्टिफिकेटला जाणकारांत मान आहे.

हा वाद नवा आहे असे कुणी समजू नये. एनआयआयटी १९८१ साली सुरू झाली, ॲप्टेक १९८६ साली. नव्वदच्या दशकात बोरिवलीपासून वसई-विरारपर्यंत स्टेशनच्या बाहेर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. कॉलेजची पदवी सकाळी आणि क्लास संध्याकाळी असा तेव्हाचा मेळ होता. सन २००० च्या अगोदर जुन्या प्रोग्रॅममधील वर्षाचे दोन अंकी आकडे दुरुस्त करण्याचे प्रचंड काम निघाले, त्याने अनेकांना अमेरिका दाखवली. मग २००१ मध्ये मंदी आली आणि जे एकच भाषा, एकच पॅकेज शिकून निघाले होते त्यांतले कित्येक घरी बसले. मंदीने पदवीधरांनाही सोडले नव्हते. पण ज्याला यंत्र आतून कसे चालते हे समजले होते त्याने दोन वर्षांनी दुसरी भाषा शिकून घेतली. ज्याला फक्त कुठले बटण दाबायचे ते ठाऊक होते त्याचे बटणच बाजारातून गेले. त्याच सुमारास परदेशात 'पेपर एमसीएसई' असा एक शब्द रूढ झाला होता. मायक्रोसॉफ्टचे ते सर्टिफिकेट खिशात आहे, पण सर्व्हर समोर ठेवला तर हात चालत नाही, अशा माणसाला तसे म्हणत.

आता दारे कुणाला उघडी आहेत ते पाहू. याबाबतीत सध्या फार गोड बोलले जाते. अमेरिकेत २०२० साली गुगलने जाहीर केले, की आपले काही महिन्यांचे करिअर सर्टिफिकेट आपण त्या त्या कामासाठी चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचे मानू. २०२२ साली मेरीलँड राज्याने हजारो सरकारी जागांसाठी पदवीची अट काढून टाकली. पुष्कळ मोठ्या कंपन्यांनीही अशा घोषणा केल्या. ही वाक्ये आपल्याकडच्या क्लासच्या पत्रकांवर आजही वाचायला मिळतात. पण २०२४ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी मिळून या घोषणांची प्रत्यक्षात किती अंमलबजावणी झाली ते तपासले. अट काढल्यामुळे ज्यांना खरोखर संधी मिळाली अशांचे प्रमाण दर सातशे नेमणुकांमागे एकाहूनही कमी निघाले. अट कागदावरून गेली, नेमणूक करणाऱ्याच्या मनातून गेली नाही.

आपल्याकडे तर अट कागदावरही आहे. बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्या नवख्यांच्या भरतीत दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी साठ टक्के मागतात. सरकारी खात्यांतल्या आणि बँकांतल्या बहुतेक तांत्रिक जागांना पदवी किंवा डिप्लोमा लागतोच. अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा पदवीच्या पातळीच्या कामासाठीच असतो. जर्मनीने मात्र नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या माणसांना पदवी नसतानाही ब्लू कार्ड देण्याची सोय केली. पण त्यासाठी त्या पातळीच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे फिरून प्रश्न तोच, पहिली नोकरी कशी मिळायची?

तेव्हा निव्वळ व्यवहार पाहिला, तर अठराव्या वर्षी पदवीचा रस्ता सोडून देणे आमच्या मते शहाणपणाचे नाही. सर्टिफिकेटने दार उघडते हे खरे, पण आधीच फाटकाच्या आत आलेल्या माणसाला. वर्ष-दोन वर्षे काम करून, आपल्याला नेटवर्क आवडते की डेटाबेस, हे कळल्यावर घेतलेले सर्टिफिकेट जितके उपयोगी पडते तितके बारावीनंतर लगेच घेतलेले पडत नाही. हा आमचा अनुभव धर्मग्रामातली मुले पाहून झालेला आहे. अपवाद असतात, आणि ते अपवादच जाहिरातीत छापले जातात.

पण व्यवहार इथे संपतो आणि आम्हांला जे खरे बोलायचे आहे ते सुरू होते.

कागद हा साक्षीदार असतो. पॅरिश कार्यालयातून आपण बाप्तिस्म्याचा दाखला आणतो. फादर रजिस्टर उघडून नोंद पाहतात, मगच सही करतात. नोंद नसेल तर ओळखीच्या माणसालाही दाखला मिळत नाही, आणि त्याबद्दल कुणी रागावत नाही, कारण पाहिल्याशिवाय साक्ष द्यायची नसते हे आपल्याला मान्य आहे. शाळा-कॉलेजच्या दाखल्याला मात्र आपण ही कसोटी लावत नाही. तिथे 'मिळाला ना, मग झाले' अशी आपली वृत्ती असते.

सर्टिफिकेटच्या परीक्षांचे खरे प्रश्न चोरून जमवलेले संच बाजारात विकले जातात. त्यांना 'डम्प्स' म्हणतात. पाच-सहाशे प्रश्न पाठ करायचे आणि परीक्षेला बसायचे. परीक्षा सुरू होण्याआधी पडद्यावर एक करार येतो, की मी यातले प्रश्न बाहेर कुणाला सांगणार नाही. त्यावर 'मान्य आहे' असे दाबल्याशिवाय पहिला प्रश्न दिसत नाही. ज्या मुलांनी ते दाबले त्यांच्यातल्याच कुणीतरी प्रश्न बाहेर आणलेले असतात. काही क्लास हे संच उघडपणे 'स्टडी मटेरियल' म्हणून देतात. मुलाला वाटते, सगळेच करतात. उघडकीस आल्यास कंपनी सर्टिफिकेट रद्द करते, ही शिक्षा झाली. पण उघडकीस न आल्यास काय, हा खरा प्रश्न आहे.

कॉलेजवाल्यांनी यावर मान ताठ करायचे कारण नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत मिळतो. विषय सांगा, पैसे द्या, रिपोर्ट बांधून सीडीसकट मिळेल, असे पूर्वी होते. आता सीडीऐवजी लिंक मिळते आणि तेही नको असेल तर एआयकडून लिहून घेता येतो. प्रॅक्टिकलची जर्नल एकाने लिहायची आणि चाळिसांनी उतरवायची, ही तर कित्येक पिढ्यांची रीत झाली आहे. परीक्षकालाही ते कळते. तो सही करतो. विद्यापीठ शिक्का मारते.

म्हणजे खोटी साक्ष दोन्हीकडे आहे. पदवी श्रेष्ठ की सर्टिफिकेट, असे आपण भांडतो तेव्हा रेघ चुकीच्या जागी ओढतो. एका बाजूला खरे सांगणारे कागद आहेत आणि दुसऱ्या बाजूला खोटे सांगणारे, आणि ही रेघ कधी एकाच वर्गातून जाते तर कधी एकाच मुलाच्या फायलीतून. आठवी आज्ञा आपण शेजाऱ्याविषयी खोटे बोलण्यापुरती शिकलो. स्वतःविषयी स्वतःच्या सहीने दिलेली खोटी साक्ष तिच्यात बसत नाही, असे आम्हांला वाटत नाही.

'यात कुणाचे नुकसान होते?' असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. कॉम्प्युटरवरचे काम पडद्यामागे चालते, ज्याचे नुकसान होते तो माणूस दिसत नाही. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवून पाहावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष दुरुस्ती जगभर गेली आणि सुमारे पंच्याऐंशी लाख कॉम्प्युटर बंद पडले. रुग्णालयांतल्या नियोजित तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या, विमाने रद्द झाली, आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते काम करणारी माणसे पात्र होती. तरी असे झाले. मग जिथे पात्रताच पाठांतराची आहे तिथे काय होईल? रात्री दोन वाजता एखाद्या छोट्या हॉस्पिटलचा सर्व्हर बसला आणि ड्युटीवर असलेल्या मुलाला बॅकअप परत कसा आणायचा हे प्रत्यक्षात कधी केलेले नसले, तर त्याच्या भिंतीवरचे फ्रेम केलेले सर्टिफिकेट त्या रुग्णाच्या काय कामाचे? फार्मासिस्टने किंवा इलेक्ट्रिशियनने असे केले तर आपण संतापतो. या नव्या कारागिराला मात्र आपण सूट देतो, कारण त्याचे काम आपल्याला समजत नाही.

याला दुसरीही एक बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर सगळा दोष मुलांवर टाकल्यासारखे होईल. आजच्या या कागदांत जबाबदारी एकट्या शिकणाऱ्यावर येऊन पडली आहे.

माटुंगा, बोरिवली, कुर्ला इथल्या संस्थांमुळे डॉन बॉस्कोचे नाव आपल्या घराघरांत आहे. १८५२ सालच्या फेब्रुवारीत इटलीतल्या ट्युरिन शहरात त्यांनी एका गरीब मुलासाठी सुतारकामाच्या उमेदवारीचा लेखी करार करून घेतला. त्या काळी खेड्यातून आलेली मुले शहरात कारागिरांकडे राबत. धंदा शिकवायच्या नावाखाली त्यांच्याकडून घरची कामे करून घेतली जात आणि मारहाणही होई. या करारात उस्ताद सुतारावर बंधने घातली होती. दोन वर्षांत धंदा शिकवायचा, धंद्याशी संबंध नसलेले काम सांगायचे नाही, चुकल्यास शब्दांनी समजवायचे, हात उगारायचा नाही, सणाच्या दिवशी सुटी द्यायची आणि ठरल्याप्रमाणे मजुरी वाढवत न्यायची. मुलाने प्रामाणिकपणे काम करण्याचे वचन दिले होते, त्याच्या वडिलांनी हमी घेतली होती आणि मुलाच्या वागणुकीकडे लक्ष देण्याची जबाबदारी खुद्द डॉन बॉस्कोंनी पत्करली होती. प्रत्येकाच्या माथी काहीतरी होते. मुलाच्या भविष्याचा धोका चौघांनी वाटून घेतला होता.

आता आपल्याकडचा एखादा क्लासचा फॉर्म घेऊन वाचावा. फी कधी भरायची, न भरल्यास दंड किती, मधेच सोडल्यास पैसे परत नाहीत, हे सविस्तर असते. क्लासने काय शिकवायचे, कोण शिकवणार, शिकवले नाही तर काय, याबद्दल एखाद-दुसरी मोघम ओळ. बाहेर फलकावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' असते आणि फॉर्मवर त्याचे 'प्लेसमेंटसाठी साहाय्य' झालेले असते. फी जास्त असेल तर क्लासच फायनान्स कंपनीशी गाठ घालून देतो. त्यात कर्ज वडिलांच्या नावावर निघते, रक्कम थेट क्लासला जाते आणि कोर्स बंद पडला तरी हप्ते चालूच राहतात. काही घरांत यासाठी दागिने गहाण पडलेले आम्हांला ठाऊक आहेत. वाडीचा तुकडा विकला गेल्याचेही ऐकले आहे. एकेकाळी केळी आणि पानवेली पिकवून त्या वाडीने तीन-तीन मुलांची शिक्षणे केली होती.

कंपन्याही यातून सुटत नाहीत. पूर्वी त्या कोऱ्या पदवीधराला घेत आणि पगार देऊन काही महिने शिकवत. इन्फोसिसचे म्हैसूरचे भले मोठे प्रशिक्षण केंद्र त्यासाठीच उभे राहिले. अजूनही असे प्रशिक्षण दिले जाते, नाही असे नाही. पण आता अधिकाधिक जाहिरातींत नवख्याकडूनच अमुक सर्टिफिकेट आणि तमुक टूल मागितले जाते. शिकवण्याचा खर्च हळूच घराकडे सरकवला गेला आहे. त्यातच २०२२ नंतर कित्येक मुलांना नेमणुकीची पत्रे मिळूनही रुजू होण्यासाठी महिनोन्महिने, काहींना वर्षाहून अधिक, थांबावे लागले. सोपी, नवख्यांना दिली जाणारी कामे आता एआय करू लागला आहे, हेही भय आहेच. अशा वेळी मुलाला 'तू अजून एक कोर्स का करत नाहीस?' म्हणणे फार सोपे असते. तो करतोही. त्याच्या बायोडेटात सात सर्टिफिकेटे होतात आणि कुठेही सलग सहा महिने काम केल्याची नोंद नसते.

म्हणून कोणताही रस्ता निवडताना आम्ही पालकांना एकच विचारायला सांगतो: या करारात दुसऱ्या बाजूने काय कबूल केले आहे? या प्रश्नाने बराच धूर हटतो. आणि तो विचारला की असेही रस्ते दिसतात, जे कॉलेज आणि सर्टिफिकेट या वादात कुणी सांगत नाही.

ज्यांना घरचा खर्च उचलायचाच आहे, त्यांनी नोकरी करत मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी. इग्नू १९८५ पासून आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. त्यांना कमी लेखण्याची आपल्याकडची खोड आता जायला हवी. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्समधली ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. आधी काही आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, मग प्रवेश. मधल्या टप्प्यावर थांबावे लागले तरी तोवर झालेल्या अभ्यासाचे सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हाती पडतो. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी असे टप्पे आहेत. म्हणजे दोन कागदांमधली भिंत सरकारनेच थोडी पाडली आहे. एचसीएल कंपनीने २०१७ पासून बारावीनंतरच्या मुलांना आधी प्रशिक्षण, मग नोकरी आणि नोकरीसोबत पदवी अशी योजना चालवली; तामिळनाडूत झोहोने त्याच्याही आधीपासून बारावी आणि डिप्लोमाच्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकवले आणि पुष्कळांना नोकरीवर ठेवले. अशा योजनांच्या अटी, शुल्क आणि बंधपत्र नीट वाचावेत; पण निदान तिथे शिकवणाऱ्याचेही काही पणाला लागलेले असते. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश हा जुना रस्ताही आहेच. हात आणि डोके दोन्ही तयार होणारा तो रस्ता आमचे लोक का टाळतात कोण जाणे!

ज्या घराला झेपते त्यांनी मुलांना कॉलेजात पाठवावे, असेच आमचे मत आहे. निव्वळ नोकरीचा विचार करून आम्ही हे म्हणत नाही. अठराव्या वर्षी आपल्याला काय आवडते हे फार थोड्यांना कळते, आणि कळेपर्यंत इकडेतिकडे पाहायला मिळणे ही काही चैन नव्हे. पण तिथेही वर्षे नुसती काढू नयेत. जर्नल स्वतः लिहावी, प्रोजेक्ट लहान असला तरी आपला असावा. जो प्रोजेक्ट स्वतः केलेला असतो त्याच्यात काय बिघडले होते ते मुलाला सांगता येते, आणि मुलाखत घेणाऱ्यांना नेमके तेच ऐकायचे असते.

इथे आणखी एक बोलायला हवे. घरात पैसा मोजका असला की इंजिनिअरिंग मुलाला आणि 'साधे' बी.ए. मुलीला, किंवा उलट, मोठीने सर्टिफिकेट करून लगेच कमवायला लागावे म्हणजे धाकट्याची फी निघेल, असे निर्णय होतात. चार जणांच्या संमतीने होतात, आणि जिच्याबद्दल ते होतात तिला बहुधा विचारले जात नाही. तिने आपणहून त्याग केला तर ती थोर आहे. पण तिच्याकडून तो न विचारता घेतला गेला, तर त्याला त्याग म्हणता येणार नाही. पदवी की सर्टिफिकेट हा प्रश्न अशा घरात अभ्यासक्रमाचा नसतोच. कुणाच्या वाट्याला किती वेळ यायचा, याचा असतो.

आणि शेवटी तो मुलगा, ज्याला बारावीला चाळीस-पंचेचाळीस टक्के आहेत. निकालानंतरच्या रविवारी तो चर्चच्या मागच्या दाराने लवकर निघून जातो. साठ टक्क्यांच्या कंपन्या त्याच्यासाठी नाहीत, डॉलरमधल्या परीक्षेची फी त्याच्या घरी नाही. त्याच्यासाठी सरकारी आय.टी.आय.मध्ये 'कोपा' म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि फी परवडणारी असते. त्यानंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली उमेदवारी करता येते. तिथे शिकवणारा कोण, काम कोणते आणि विद्यावेतन किती, हे करारात लिहून नोंदवावे लागते. ज्यांच्या ओळखीत असा मुलगा असेल त्यांनी त्याच्याबरोबर एक दिवस सुटी काढून आय.टी.आय.च्या कार्यालयात जावे आणि फॉर्म भरताना त्याच्या शेजारी बसावे.